आषाढातली सुरमई

दरवर्षी मे महिना उतरणीला लागला की वर्तमानपत्रात एक बातमी येते : मान्सून अंदमानात दाखल. सोबत नकाशा, नकाशावर बाण. घामाने निथळणारा महाराष्ट्र ती बातमी वाचतो आणि कामाला लागतो. आमच्या रत्नागिरीत कौलं चाळायला माणूस मिळेनासा होतो, सुकी मासळी डब्यांत बंद होते, आगोटीचं सामान माळ्यावर चढतं. पण ज्या अंदमानात तो दाखल झाला, तिथल्या लोकांचं पुढे काय झालं, याची चौकशी कोणी करत नाही. तिथे पाऊस उतरतो तो केवळ आपल्याकडे यायचं म्हणून, अशी आपली एकंदर समजूत.

मी शाळेत भूगोल शिकवला. नैर्ऋत्य मोसमी वारे फळ्यावर इतक्या वेळा काढले की अजून झोपेत काढून दाखवीन. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे अंदमान, १ जूनला केरळ, त्यानंतर दहाएक दिवसांनी आपण. बाण काढताना खडू पहिल्यांदा टेकायचा तो त्या चार ठिपक्यांवर. तेव्हा निवृत्तीनंतर जोडीने कुलदैवताच्या पलीकडे कुठे जायचं झालं तर ते ठिपके बघायचे, आणि तेही भर पावसात, हे माझं ठरलेलं होतं.

ह्यांचं काही ठरलेलं नव्हतं. ह्यांची उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे कुठल्याही प्रस्तावावर आधी हरकत, मग विचार. पाऊस, समुद्र, माड, चिखल आणि मासे या पाच गोष्टी बघण्यासाठी रत्नागिरीच्या माणसाने पदरचे पैसे खर्चणं हा गुन्हा नसला तरी शहाणपणा नव्हे, असं ह्यांचं मत पडलं.

"तिथे पाऊस किती?"

"वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास."

"आणि आपल्याकडे?"

"तीन हजाराच्या वरच."

"मग त्यांनी इकडे यायला हवं."

मी सांगितलं की आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो; तिथे आधी नैर्ऋत्य मोसमी आणि मागून ईशान्य मोसमी असे दोन पाऊस मिळून मे ते डिसेंबर चालू असतात. यावर हे म्हणाले, "म्हणजे आपण चार महिन्यांत उरकतो ते काम ते आठ महिने पुरवतात. त्यात बघायचं काय?"

शेवटी ह्यांना पटवलं ते मासळीने. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, बर्फाच्या गाड्या बंद, बाजारात कोळणी दिसल्या तरी त्यांच्यापुढे खाडीचं काहीबाही. आषाढ म्हणजे सुक्याचे दिवस. सुकट, बोंबील, खारा बांगडा. आषाढ संपतो तोच श्रावण लागतो आणि तेही जातं. नारळी पौर्णिमेपर्यंत आमचे हे उदास असतात. एका संध्याकाळी मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमानात ही बंदी आधीच, १५ एप्रिललाच सुरू होते आणि १४ जूनला संपते.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे आषाढात तिथे ताजी सुरमई?"

"असणार."

हे उठले आणि रेनकोट कुठे आहेत म्हणून विचारू लागले.

टूरवाल्या मुलाने प्रामाणिकपणे बजावलं होतं, "काका, ऑफ सीझन आहे. हॉटेलं निम्म्या दरात देतो, पण वॉटर ॲक्टिव्हिटी बंद असू शकतात." हे म्हणाले, "आम्हाला ॲक्टिव्हिटी करायची नाही, जेवायचंय." आणि तरीही निघायच्या आदल्या रात्री ह्यांनी सुकटीच्या चटणीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून माझ्या साड्यांखाली ठेवला. कोकणी माणूस ताजे मासे खायला निघाला तरी सुके बरोबर घेतो. दर्याच्या भरवशावर त्याने पिढ्यान्‌पिढ्या काढल्यात, म्हणूनच तो त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने सावकाश चालली, मुंबईहून चेन्नई झालं आणि चेन्नईहून पुढे जवळजवळ चौदाशे किलोमीटर नुसतं पाणी. ह्यांच्या तिकिटावर श्रीविजयपुरम लिहिलेलं होतं (२०२४ पासून नाव ते आहे), सामानाच्या चिठ्ठीवर आयएक्सझेड, आणि वैमानिकाच्या तोंडी पोर्ट ब्लेअर. एका तिकिटात तीन ठिकाणं होतायत, हे ह्यांना मनापासून आवडलं.

वीर सावरकर विमानतळाच्या बाहेर पाऊस उभा होता. ह्यांनी छपराच्या कडेला जाऊन हात पुढे केला, दोन मिनिटं पाऊस हातावर घेतला आणि निकाल दिला, "पातळ आहे."

पुढे सगळा मुक्काम हे पाऊस तपासत राहिले. थेंब मोठा आहे पण चिकाटी नाही. वारा आहे, पण पाऊस आडवा मारत नाही. आणि मुख्य तक्रार म्हणजे तो थांबतो. रत्नागिरीचा पाऊस एकदा बसला की चार-चार दिवस उठत नाही. धुतलेली चादर चुलीवर वाळवावी लागते. इथे अर्धा तास धो धो, मग लख्ख ऊन, मग पुन्हा काळं करून येतं. हे छत्री मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. "एक काय ते ठरव," असं आभाळाकडे बघून म्हणाले ते मी ऐकलं. ह्यांची छत्री लांब दांड्याची, काळी, आजोबांच्या काळची वाटावी अशी. आजूबाजूला रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या झग्यांतले पर्यटक वावरत असताना ती छत्री इतकी वेगळी दिसायची की गर्दीत ह्यांना शोधायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

सेल्युलर जेलमध्ये मात्र हे काही बोलले नाहीत. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात लांबलचक इमारती, काम संपलं १९०६ मध्ये. आता त्यांतल्या तीन उभ्या आहेत. आम्ही वर चढलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की ह्या ओवरीतून समोरची ओवरी दिसेना. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. तिसऱ्या मजल्यावर टोकाची त्यांची कोठडी. खाली कोलू ठेवलाय; त्याला जुंपलेल्या माणसाने दिवसाला तीस पौंड खोबरेल गाळायचं. आमच्याकडे घरच्या माडांचं खोबरं हे स्वतः घाण्यावर नेतात. ह्यांनी मनातल्या मनात नारळांचा हिशेब केला, तो चेहऱ्यावर दिसला, पण मला सांगितला नाही.

खाली येऊन चहा घेतल्यावर मग म्हणाले, "तात्यारावांना इथून सोडवून शेवटी आणलं कुठे? रत्नागिरीलाच." खरंच होतं ते. आधी रत्नागिरीचा तुरुंग, मग १९२४ ते १९३७ स्थानबद्धता, तीही रत्नागिरीतच. मला थिबा आठवला. ब्रह्मदेशचं राज्य १८८५ मध्ये जिंकलं आणि तिथल्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं आमच्या रत्नागिरीत. १९१६ मध्ये तो वारलाही तिथेच. आणि आपली माणसं आणून ठेवली ती इथे, ब्रह्मदेशच्या दाराशी. म्हणजे इकडचा कैदी तिकडे आणि तिकडचा इकडे.

"तेव्हापासून हा मार्ग चालू आहे तर," हे म्हणाले, "फक्त तिकीट सरकार काढायचं."

अंदमानात सगळ्यांत मोठा घोळ घालतो तो सूर्य. ही बेटं ९२-९३ रेखांशावर आणि घड्याळ साडेब्याऐंशी अंशांचं. थोडक्यात घड्याळ मिर्झापूरचं आणि सूर्य रंगूनचा. जुलैत पाचच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेसहाला मावळतं. रत्नागिरीपेक्षा सकाळ तासाभराने अलीकडे आणि संध्याकाळ दीड तासाने. हे मी वर्गात शिकवलेलं आहे, प्रश्नपत्रिकेत विचारलेलं आहे, त्यावर मुलांचे गुण कापलेले आहेत. पण नवऱ्याने पाच वाजून दहा मिनिटांनी "अगं, उठ, उशीर झाला!" म्हणून गदागदा हलवणं हा निराळा भूगोल आहे. ह्यांना आयुष्यभर अंधारात उठून उजाडायची वाट बघायची सवय. इथे डोळे उघडले तर ऊन खिडकीतून आत आलेलं. हे दचकले, अपराधी झाले, धावत चहा शोधायला गेले आणि झोपलेल्या रात्रपाळीच्या पोराला उठवून आले. संध्याकाळी उलट. चहा होऊन भजी येईतो काळोख. सातला जेवण, साडेआठला झोप. हॉटेलात आमच्याखेरीज एक दिल्लीचं नवं जोडपं होतं. ती मुलं रात्री बाहेर पडायची तेव्हा आमची पहिली झोप झालेली असायची. नवरीच्या हातात कोपरापर्यंत लाल चुडा. आषाढात नव्या सुनेने माहेरी असायचं सोडून ही अंदमानात कशी, हा प्रश्न ह्यांना पडला, पण विचारला फक्त मला.

हॅवलॉकला जायची बोट सकाळची. बेटाचं नाव २०१८ पासून स्वराजद्वीप, पण धक्क्यावर ओरडणारा पोऱ्या हॅवलॉकच म्हणतो. इथे ह्यांच्यापुढे धर्मसंकट उभं राहिलं. नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही, गेलं तर समुद्राला नारळ देऊन जायचं, हे ह्यांच्या रक्तात. बंदराबाहेरच्या टपरीवरून हे नारळ घेऊन आले, कठड्यापाशी उभे राहिले, डोळे मिटले आणि हात उचलला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"अंकल, समंदर में कचरा फेंकना मना है."

"कचरा नहीं, नारियल है."

"पीने के बाद डस्टबिन में डालिए."

समुद्राला नारळ का द्यायचा, हे हिंदीतून, शिट्टी तोंडात धरलेल्या माणसाला, बोट सुटायच्या आत समजावून सांगणं ह्यांना जमलं नाही. नारळ बरोबर घेऊन आम्ही चढलो. त्यामुळे पुढे जे झालं त्याला आपली जबाबदारी नाही, असं हे अजून सांगतात.

बोट म्हणजे बंद काचांची, थंडगार, दोन सांगाड्यांवर उभी. पडद्यावर हिंदी गाणी. बंदराच्या आत सगळे पर्यटक स्वतःचे फोटो काढत होते. बोट बाहेर पडली, पहिल्या लाटेवर चढली आणि खाली बसली, तशी गाणी म्हणणारी मंडळी गप्प झाली. कर्मचारी काळ्या पिशव्या वाटत फिरू लागले, तेही न विचारता, चेहरा बघून. बोट लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आधी एक विचारी भाव येतो. तो खिडकीबाहेर क्षितिज शोधतो, क्षितिज वर जातं, खाली जातं, मग तो बघणं सोडून देतो. आमच्या पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ, जो धक्क्यावर सगळ्यांना धीर देत होता, त्याने स्वतःची पिशवी भरून बायकोचीही घेतली.

ह्यांना काहीही होत नव्हतं. उलट हलत्या बोटीत ह्यांना भूक लागली. माझं लक्ष बाहेर असताना ह्यांनी डबा काढला, पोळीची घडी मांडीवर पसरली आणि बंद काचांच्या त्या गारठलेल्या खोलीत सुकटीच्या चटणीचं झाकण उघडलं.

मी पुष्कळ वर्षं शाळेत काढली आहेत. शंभर माणसं एकदम मान वळवताना मी पाहिलेली आहेत. पण इतक्या एकमुखाने नाही. वास पहिल्या रांगेपर्यंत पोचायला लागलेल्या वेळात निम्म्या बोटीने पिशव्या उघडल्या. एक पोरगा धडपडत आला, "किसका है? किसका है ये?" हे शांतपणे घास चावत होते. लसूण, लाल मिरची, आमसूल आणि वरून कच्चं खोबरेल; चटणी उत्तम झाली होती, हे मी आजही सांगेन.

"बंद कीजिए सर, प्लीज." हे बंद करणार इतक्यात शेजारच्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे उघडले, नाक वर केलं आणि विचारलं, "शुटकी?"

"सुकट," हे म्हणाले.

"शुटकी!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भावनेचं की लसणाचं ते कळलं नाही. गृहस्थ हॅवलॉकचे, आईवडील बरिसालचे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने १९४९ पासून या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. पूर्वेकडच्या बंगाल्याला सुकी मासळी जीव की प्राण आणि पश्चिमेकडचा बंगाली तिचा वास आला की पदर नाकाला लावतो, हे त्यांनीच सांगितलं. मग त्या दोघांनी ती पोळी अर्धी अर्धी खाल्ली. डब्याला झाकण होतं, पण प्रत्येक घासाला ते किंचित सरकत होतं. आजूबाजूला हाहाकार चालला होता.

हॅवलॉकच्या गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत. निर्वासितांनी देव सोबत आणले आणि नकाशावर लावले. आमचा मुक्काम विजयनगरला. ह्यांनी खोलीत सामान ठेवण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "मछली?"

"नहीं है सर."

"कल?"

"समंदर खराब है सर. बोट नहीं जा रहा."

सरकारने बंदी उठवली होती, पण समुद्राने घातली होती. नैर्ऋत्येचा वारा सुटला की छोट्या होड्या बाहेर पडत नाहीत, हे रत्नागिरीच्या माणसाला सांगायची काय गरज? ह्यांनी मान डोलावली. आचाऱ्याचा काही दोष नव्हता, समुद्राचाही नव्हता, नारळ अडवणाऱ्यांचा होता. जेवायला खिचुडी, वांग्याची तळलेली कापं आणि अंड्याचा रस्सा. रात्री अंड्याचा रस्सा, वांग्याची कापं आणि खिचुडी. नाश्त्याला आम्लेट. पावसात गरम खिचुडी फार छान लागते असं मी म्हटलं, तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मीठ मागितलं.

राधानगरचा किनारा बघायला आम्ही भर पावसात गेलो. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वांत सुंदर म्हणून नावाजलेला हा किनारा. महुव्याचं उंचच उंच जंगल थेट वाळूपर्यंत येऊन थांबतं आणि पुढे पांढरी, पिठासारखी बारीक वाळू. दोनेक किलोमीटर.

"आमचं गुहागर सहा आहे," हे म्हणाले.

सुरूच्या बनाचा विषय निघाला, व्याडेश्वराचा निघाला, गुहागरला किनाऱ्यावर चहा किती स्वस्त हेही निघालं. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्याने पावसाळ्यात लाटा सरळ अंगावर येतात. लाल बावटा लावलेला, जीवरक्षक शिट्ट्या फुंकत फिरतायत, शेजारी मगरीपासून सावध राहण्याची पाटी. बावटा बघून ह्यांना बरं वाटलं. बावट्याचा मान ठेवणारी माणसं भली असतात, असं ह्यांचं मत आहे. पण मग ऊन पडलं आणि पाण्याचा रंग दिसला. मी ह्यांच्याकडे बघत होते. आमच्याकडे जुलैत समुद्र गढूळ तांबडा असतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या कोकणची लाल माती घेऊन येतात. या बेटांना गाळ आणणारी मोठी नदीच नाही, तळाला प्रवाळांची पांढरी वाळू, त्यामुळे ऐन पावसाळ्यातसुद्धा लाटेच्या पोटातून उजेड आरपार जातो आणि पाणी मोरपिशी दिसतं. हे बराच वेळ बघत होते.

"पाणी बरं आहे," असं शेवटी म्हणाले. रत्नागिरीत यापुढची पदवी नाही.

तेवढ्यात एक फोटोवाला छत्रीखाली शिरला. मोसम मंदा, गिऱ्हाईक दोनच, त्यामुळे त्याने आम्हाला तरुण मानायचं ठरवलं. वाळूत बदाम काढला. "सर, मॅडम का हाथ पकड़िए." ह्यांनी माझं मनगट वैद्याने नाडी बघावी तसं धरलं. "सर, स्माइल. सर, छाता हटाइए." छत्री हटणार नव्हती. "सर, मॅडम को बोलिए कुछ रोमँटिक." ह्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "हा किती घेणार?" त्या वाक्यावर मला हसू आलं आणि नेमका तेव्हा त्याने फोटो काढला. तो फोटो आता दिवाणखान्यात आहे आणि येणारे-जाणारे म्हणतात, किती गोड दिसताय हो दोघं.

पूर्वेच्या बाजूला मात्र समुद्र वेगळाच. बेटाची आड असल्यामुळे वारा लागत नाही, पाणी तळ्यासारखं. तिथे तोंडाला काच आणि नळी लावून, टायर धरून पाण्यावर पालथं पडायचं असतं. मी फॉर्म भरला. दमा नाही, रक्तदाब गोळीवर आहे, पोहणं विहिरीतलं. हे काठावर छत्री घेऊन उभे राहिले आणि "फार लांब जाऊ नको" म्हणत राहिले. पाणी कमरेएवढं होतं. खाली डोकं घातलं आणि मी सगळं विसरले. हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळ खरवडत होता, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येत होता. समुद्रफुलाच्या बोटांतून एक नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा चिमुकला मासा बाहेर आला, माझ्यावर धावून आला, मी घाबरले, तो परत आत गेला आणि पुन्हा बाहेर येऊन दटावून गेला. वरून पाऊस सुरू झाला होता. खालून पाहिलं तर पाण्याच्या छतावर थेंबांच्या टाचण्या उमटत होत्या. उभा जन्म मी पाऊस वरून बघितला, तो खालून कसा दिसतो हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

बाहेर आल्यावर काय सांगू आणि काय नको असं झालं. ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खायचा कुठला दिसला?"

बोटीवरचे म्हातारबाबा बाजारात भेटले आणि घरी घेऊन गेले. सुपारीची बाग, पत्र्याचं घर, दारात बदकं. म्हातारीला बौदी म्हणायचं असं ह्यांना कुठूनसं माहीत होतं. राहिलेली सुकट ह्यांनी तिच्या हवाली केली. तिने तीत वांगं घातलं, कांदा-लसूण सढळ हाताने, मोहरीचं तेल धूर येईतो तापवलं आणि पुढ्यात गरम भात वाढला. घाम पुसत, नाक ओढत आमचे हे तीनदा भात घेऊन जेवले. आषाढात ताजी मासळी खायची म्हणून दोन विमानं आणि एक बोट बदलून आलेला माणूस रत्नागिरीची सुकट अंदमानात बंगाली हाताची खात होता आणि "वा, वा" म्हणत होता. मी या प्रसंगी काही बोलले नाही. संसार टिकतो तो अशाच जागी.

आणि मग समुद्र शांत झाला. सकाळपासून स्वच्छ ऊन, होड्या गेल्या, दुपारी आचारी स्वतः खोलीपर्यंत धावत आला. त्याच्या हातात सुरमई. हातभर लांब, पाठ निळी, पोट चंदेरी, डोळा लख्ख. ह्यांनी कल्ला उचलून आत बघितलं, लालभडक. बोटाने दाबून पाहिलं, खड्डा राहिला नाही. मग सुस्कारा टाकून तिला परत दिलं.

आषाढी एकादशी होती.

हे वारीला कधी गेलेले नाहीत, पण आषाढी चुकवलेली नाही. बौदीकडे साबुदाणा आहे का विचारायला मी गेले. ती घाबरून म्हणाली, दादाला बरं नाही का? त्यांच्याकडे साबू शिजवतात तो आजाऱ्यासाठी. तिने दुधात पातळ करून दिला आणि वर लिंबूही पाठवलं. संध्याकाळी हे पडवीत तो साबू पीत बसले असताना शेजारच्या टेबलावर दिल्लीच्या पोरांना सुरमईचे तुकडे आले. हळद-मिरची लावलेले, कडा कुरकुरीत. मुलगी भली, ताटली पुढे करून म्हणाली, "अंकल, ट्राय कीजिए ना." ह्यांनी हात जोडले. ते तिला की विठ्ठलाला, मला सांगता येणार नाही.

परतीची बोट दुसऱ्या दिवशी सकाळचीच. स्वयंपाकघर सातला उघडतं आणि आम्ही तेव्हा धक्क्यावर असणार. हे उठून आत गेले. आतून बराच वेळ कुजबूज ऐकू आली, मग आचाऱ्याचं हसू.

पहाटे मला जाग आली ती तेलाच्या वासाने. खिडकीत ऊन होतं. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. हे पडवीत आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसले होते, आणि समोर केळीच्या पानावर राखून ठेवलेले दोन जाडजूड तुकडे.

"अहो! द्वादशीला?"

"उजाडलं. एकादशी सुटली," हे म्हणाले. "इथला सूर्य आपल्याआधी तासभर उगवतो. तूच तर शिकवतेस."

"पण पारणं वरणभाताने सोडतात. चातुर्मास लागलाय. कोणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"कोण बघतंय?" ह्यांनी पहिला तुकडा मोडला. "रत्नागिरीत अजून अंधार आहे."